पुडा उघडण्याआधी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तशी आपल्यालाही झाली! तिशी-पस्तिशीत राहायला आलेले आपण आता साठीला टेकलो. घराघरात शुगरची नाहीतर बीपीची गोळी आहे. माझ्याही घरात आहे. म्हणून आज चहाबरोबरच्या टोस्ट-खारीबद्दल थोडं बोलायचंय.

डॉक्टर सांगतात, गोड कमी करा, मीठ कमी करा. आपण चहातली साखर बंद करतो. पण त्यात बुडवलेल्या टोस्टमध्ये साखर असतेच. खारी गोड लागत नाही, तरी तिचे पापुद्रे सुटतात ते मैद्यात भरलेल्या वनस्पती तुपामुळं. किती साखर, किती तूप? चकलांब्यात मिळणाऱ्या कित्येक पुड्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. नुसती पारदर्शक पिशवी आणि तोंडाला पिन.

कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, लेबलचे नियम २०२० चे. दुकानदारानं डब्यातून काढून आपल्यासमोर तोलून दिलेल्या सुट्या मालाला लेबलाची सक्ती नाही. पण आधीच बंद करून विकायला ठेवलेल्या पुड्यावर घटक पदार्थ, पोषणमूल्यं, तारीख आणि चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक हवा. अगदी छोट्या पाकिटांना काही बाबतीत सूट आहे. किलो-अर्ध्या किलोच्या पुड्याला ती नाही.

घटकांची यादी वाचायची एक सोपी युक्ती सांगतो. जो पदार्थ वजनानं जास्त, त्याचं नाव आधी. मैद्यामागोमाग साखर किंवा वनस्पती आलं, की काय ते समजून घ्यायचं! माळकरी मंडळींनी हिरवा ठिपका बघावा. केकात अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण लागतो. एखाद्या लेकराला शेंगदाणा किंवा दूध सोसत नसेल, तर तीच ओळ त्याला दवाखान्यापासून वाचवते.

बेकरीवाला काही आपला वैरी नाही. लोक झोपेत असताना तो भट्टीपुढं उभा असतो. छोट्या धंद्याला नुसती नोंदणी पुरते. आणि लेबल म्हणजे शेवटी एक छापील चिठ्ठीच. गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून ती लागत नाही.

तेव्हा माझी एक सूचना आहे. गणपतीला, झेंडावंदनाला सोसायटी एकगठ्ठा खाऊ घेते. तो यापुढं लेबल असलेलाच घ्यावा. सुटा माल घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: कधी केला, कशात केला, कुठं केला. सांगूनही बिनलेबलाचे बंद पुडे येतच राहिले, तर अन्न व औषध प्रशासनाकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करू. एकट्यानं विचारलं तर दुकानदार हसेल. सगळ्या बिल्डिंगनं विचारलं तर पुढच्या खेपेला चिठ्ठी लावून आणेल.

टोस्ट सोडा असं मी म्हणत नाही. काय खातोय ते ठाऊक असावं, एवढंच. आपल्याला सोसायटीचा सुवर्णमहोत्सवही बघायचाय!

जय हिंद, जय महाराष्ट्र.