डोक्यावरचें छत आणि घरांतला श्वास

दसरा जवळ आला कीं केरसुणी बांबूला बांधली जाते, आणि वर्षभर कोणाच्या ध्यानींमनीं नसलेलें छत एकदम दृष्टीस पडूं लागतें. पंढरपूर तालुक्यांतील करकंबसारख्या गांवीं, जुन्या माळवदाच्या घरांत, हा मोठाच उद्योग असतो. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची घडण. सोलापूरकडील उन्हाळ्यास हें छत फार मानवतें. मात्र फटींतून माती सदैव झिरपत राहते. ती माती, कोळिष्टकें आणि चुलीची काजळी झाडणाऱ्या गृहिणीच्या छातींत उतरते. पदर तोंडाशीं धरल्यानें मोठे कण अडतात, बारीक अडत नाहींत. म्हणून जाणत्या घरांत केरसुणीला ओलें फडकें गुंडाळतात, आणि खालीं पडलेला केर पाणी शिंपडल्यावांचून झाडीत नाहींत.

तथापि माळवदाची माती निदान ओळखीची तरी आहे. अधिक चिंता वाटावी ती तिच्या जागीं आलेल्या पत्र्याची. लांकूड महागलें, माळवदावर दरसाल माती टाकणारे हात मिळेनासे झाले, तेव्हां अनेकांनीं पत्रे घातले. त्यांपैकीं लोखंडी पत्र्यास लोहचुंबक चिकटतो. ज्यास तो चिकटत नाहीं असा करडा, जाड, नागमोडी पत्रा बाजारांत ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून ओळखला जातो, आणि या साळसूद नांवानेंच घात केला आहे. सिमेंटास बळकटी यावी म्हणून त्यांत ॲसबेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळण्याची रीत भारतांत दीर्घकाळ चालत आली आहे. बिनॲसबेस्टॉसचे पत्रेही आतां मिळतात. पण नुसत्या डोळ्यांस फरक कळत नाहीं, तेव्हां जुना पत्रा ॲसबेस्टॉसचाच समजून वागणें बरें.

पत्रा अखंड आहे तोंवर तंतू सिमेंटांत बहुतांशीं जखडलेले असतात. तो फोडला, कापला वा घासला कीं ते मोकळे होतात. केसाहून कितीतरी बारीक असल्यामुळें ते दिसत नाहींत; त्यांना वास नाहीं, त्यांनीं ठसकाही लागत नाहीं. फुप्फुसांत रुतलेल्या तंतूंपासून होणारा कर्करोग वीस, तीस, क्वचित् चाळीस वर्षांनींही डोकें वर काढतो. 1995 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षें ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणास्तव. कामगारास कायद्याची ही ढाल मिळाली. दिवाळीपूर्वीं घराचें छत खरवडणाऱ्यास ती नाहीं.

म्हणून अशा पत्र्याची जळमटें ओल्या फडक्यानें हलक्या हातानें पुसावीं. शेवाळ तारेच्या ब्रशानें घासणें हें सर्वांत वाईट. साफसफाईसाठीं पत्र्यावर चढूं तर मुळींच नये, कारण जुना पत्रा पायाखालीं काचेसारखा फुटतो. तो उतरविण्याचें काम माहितगाराकडेंच सोंपवावें. तो पत्रा आधीं भिजवतो, बोल्ट सोडवून अखंड खालीं घेतो आणि प्लॅस्टिकमध्यें गुंडाळतो; हातोड्याचे घाव घालणारा माणूस कितीही स्वस्त मिळाला तरी नको. फुटके तुकडे गोठ्याच्या भरावांत टाकूं नयेत.

अमेरिकेंत जुनें घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढें हाच प्रश्न निराळ्या रूपांत येतो. तेथील कित्येक घरांचें छत मक्याच्या लाह्या चिकटवल्यासारखें खरखरीत असतें, व त्यास नांवही ‘पॉपकॉर्न’ असेंच पडलें आहे. आवाज घुमूं नये आणि गिलाव्यांतील खोट झांकावी म्हणून तें फवारीत. या शोभेच्या फवाऱ्यांत ॲसबेस्टॉस वापरण्यास तेथें 1978 सालीं बंदी आली. तेव्हां त्या सुमाराच्या वा आधींच्या घरांत प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेतल्यावांचून छतास हात लावूं नये. तपासणींत ॲसबेस्टॉस न निघाल्यास, आणि जुन्या रंगांत शिसें नसल्यास, काम घरींही होतें: सामान बाहेर काढावें, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरावें, विजेचा प्रवाह बंद करावा, पाणी फवारून कांहीं मिनिटें मुरूं द्यावें आणि रुंद पात्यानें ओला थर अलगद काढावा. छतावर तैलरंग असेल तर पाणी मुरत नाहीं. मग हट्ट सोडावा.

ॲसबेस्टॉस निघालें आणि छत धड असलें, तर तें तसेंच राहूं देणें उत्तम. रूप अगदींच खटकत असेल तर परवानाधारक कारागिराकडून त्याखालीं नवें छत लावून घ्यावें, आणि पुढें घर विकतांना आंत काय दडलें आहे तें नव्या मालकास लेखी कळवावें.