युद्ध, राष्ट्रपती आणि चिमूर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आजच्या तरुण कार्यकर्त्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण स्वातंत्र्यापूर्वी 'राष्ट्रपती' हा शब्द आपल्याकडे काँग्रेसच्या अध्यक्षासाठी रूढ होता. ज्या राष्ट्राला स्वतःचे राज्य नाही, सैन्य नाही, परराष्ट्र खाते नाही, त्याने आपला राष्ट्रपती निवडावा, हा साहेबाच्या लेखी थट्टेचाच विषय होता. परंतु १९३९ ते १९४२ या तीन वर्षांत या बिनराज्याच्या राष्ट्रपतिपदाची जी कसोटी लागली, तशी पुढे राज्य हाती आल्यावरही क्वचितच लागली असेल. त्या कसोटीचा शेवट मुंबई-दिल्लीत झाला नाही. तो आपल्या या जंगलमुलखात, चिमूरला झाला. म्हणून हा विषय मी आज घेतला आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की भारताची भूमिका अंधारात नव्हती. सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला ठराव झाला होता : साम्राज्यासाठी लढल्या जाणाऱ्या युद्धात भारत सामील होणार नाही, आणि जनतेच्या स्पष्ट संमतीवाचून कोणत्याही युद्धात त्याला ओढता येणार नाही. ही तटस्थता कोरडी नव्हती. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला त्याच वर्षी काँग्रेसने डॉक्टरांचे पथक पाठविले आणि त्यातले आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले. फॅसिझमशी वैर आणि साम्राज्याच्या सैन्यात भरती व्हायला नकार, या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदत होत्या. अवघड होते, पण खोटे नव्हते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एका घोषणेसरशी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. कॅनडात पार्लमेंट बसले, मग युद्ध पुकारले गेले. दक्षिण आफ्रिकेत तटस्थ राहू म्हणणारे पंतप्रधान हर्टझॉग मतदानात हरले आणि स्मट्स सत्तेवर आले. आयर्लंडला डी व्हॅलेरांनी युद्धाबाहेर ठेवले ते शेवटपर्यंत. एकाच राजमुकुटाभोवतीच्या या देशांना विचारणा झाली; आपल्या मध्यवर्ती कायदेमंडळाला मात्र कोणी साधे विचारलेसुद्धा नाही. कोट्यवधी माणसे सकाळी तटस्थ होती आणि रात्री युद्धमान झाली.

त्या वेळी अध्यक्षपदी राजेंद्रबाबू होते. सुभाषबाबूंनी एप्रिलमध्ये राजीनामा दिल्यावर काट्यांचे हे आसन त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वर्ध्याच्या कार्यकारिणीला त्यांनी, नुकतेच ज्यांच्याशी फाटले होते त्या सुभाषबाबूंना निमंत्रण देऊन बोलावले. युद्ध दाराशी आल्यावर आपल्या विरोधकाला मसलतीतून वगळायचे नाही, एवढे भान या मवाळ गृहस्थाला होते. १४ सप्टेंबरच्या ठरावाने सरकारला एकच प्रश्न टाकला : हे युद्ध स्वातंत्र्यासाठी असेल तर त्यात आमचे स्वातंत्र्य धरले आहे की नाही? सरळ उत्तर मिळाले नाही. प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नागपूरचे शुक्ल मंत्रिमंडळही गेले.

मार्च १९४० मध्ये रामगढला मौलाना आझाद अध्यक्ष झाले. मौलानांचे मोठेपण मान्य करूनही आपल्या परंपरेतल्या माणसाला त्यांच्याविषयी एक तक्रार राहतेच. जुलै १९४० मध्ये पुण्याच्या बैठकीत काँग्रेसने राष्ट्रीय सरकारच्या बदल्यात युद्धात सहकार्य देऊ केले. गांधीजी बाजूला झाले. समाजवाद्यांनी विरोध केला. अहिंसा हे आपल्यापुरते धोरण आहे, धर्म नव्हे, ही मौलानांची भूमिका प्रामाणिक होती. पण हरिपुऱ्याने संमती जनतेची म्हटली होती. पुण्यात ती मंत्रिपदांच्या तराजूत आली. सरकारने तो सौदा झिडकारला, हे आपले नशीब. पुढे ऑक्टोबरात पवनारच्या विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला आणि प्रश्न पुन्हा मूळ जागी आला.

१९४२ च्या वसंतात क्रिप्स आले तेव्हा मात्र मौलाना ठाम राहिले. संरक्षण खाते कोणाचे, यावर बोलणी अडली. भारतीय संरक्षणमंत्र्याकडे द्यावयाच्या कामांच्या यादीत सैनिकांची उपाहारगृहे आणि कागद-छपाई होती! जपान बंगालच्या उपसागरात आलेला असताना देशाने आपल्या मंत्र्याला चहा आणि टाक-दौत सांभाळायला बसवावे, हे मौलानांनी पत्करले नाही. हा त्यांच्या नेतृत्वाचा सर्वांत उजळ क्षण.

आणि मग ऑगस्ट. गवालिया टँकवर ८ तारखेच्या रात्री ठराव मंजूर झाला आणि पहाटे सगळे अटकेत गेले. मौलानांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की पुढाऱ्यांना पकडले तर लोक नेत्यावाचून राहतील, ही भीती त्यांना आधीपासून होती. भीती अचूक होती. तिच्यावर उपाय मात्र योजलेला नव्हता. सरकार वाटाघाटींना वेळ देईल, या भरवशावर सारे राहिले. संमती नाकारण्याचा हक्क जनतेचा आहे हे या नेतृत्वाने सोडले नाही, हे त्याचे यश. पण नकाराचा हुकूम देऊन दुसऱ्या दिवशी गावोगावी काय करायचे हे कोणालाच सांगितलेले नव्हते. अच्युतराव, अरुणाबाई, लोहिया यांनी भूमिगत राहून ती पोकळी भरण्याची शिकस्त केली. त्यांची पत्रके चांद्याच्या जंगलात पोहोचेपर्यंत इथे सगळे होऊन गेले होते.

तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही. गडचिरोली वेगळी झाली ती १९८२ साली. या मुलखाने युद्ध पाहिले ते तोफांचे नव्हे. लष्कराला लाकूड हवे म्हणून देशभरच्या राखीव जंगलांवर कुऱ्हाड चालली. कोळसा हवा म्हणून मध्य प्रांतातल्या खाणींत बायकांना जमिनीखाली उतरविण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठविली गेली. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या गावांना जागे केले होते. त्यामुळे ९ ऑगस्टची बातमी इथे कोरड्या जमिनीवर पडली नाही.

१६ ऑगस्ट, नागपंचमी. चिमूरमध्ये प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी ती अडविली, गोळी चालली, कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर पडला. त्यानंतर जमाव आवरला नाही. सरकारी इमारती पेटल्या आणि डुंगाजी व सोनवणे या अधिकाऱ्यांसह चार सरकारी माणसे मारली गेली. क्रांतीचा इतिहास सांगताना आपण हे वाक्य घाईने उरकतो. उरकू नये. तीही इथलीच माणसे होती, पोटासाठी सरकारची चाकरी करणारी. जमावाला त्या क्षणी 'थांबा' म्हणू शकेल असा, लोकांच्या विश्वासातला एकही माणूस मोकळा ठेवायचा नाही, ही सरकारची नीती होती. आणि तो मोकळा राहील अशी तजवीज न करणे, ही आपल्या पुढाऱ्यांची चूक.

दोन-तीन दिवस चिमूरवर इंग्रजांचा अंमल नव्हता. १९ तारखेला गोरे सैन्य उतरले. पुरुष धरून नेले, घरे लुटली, स्त्रियांवर अत्याचार झाले. गावावर सामुदायिक दंड बसला. तुकडोजी महाराजांनाही अटक झाली. त्या दिवसांत राष्ट्रपती अहमदनगरच्या किल्ल्यात होते आणि पहिले काही आठवडे तिथल्या कैद्यांना वर्तमानपत्रही मिळत नव्हते. ज्यांच्या ठरावाचा अर्थ चिमूरने आपल्या परीने लावला, त्यांना चिमूरचे नावही कळले नव्हते.

आता ज्याने कुठलेही पद कधी घेतले नाही अशा एका माणसाविषयी सांगतो. प्रा. जयकृष्ण भणसाळी सेवाग्रामहून दिल्लीला गेले, ते थेट लोकनायक बापूजी अण्यांच्या दारी. अणे वणीचे; वर्धा नदी ओलांडली की चांदा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते बसत होते. शेजारच्या जिल्ह्यात बायकांची अब्रू गेली, निदान चौकशी करा, एवढीच भणसाळींची मागणी. चौकशी झाली नाही. भणसाळींनी अन्न सोडले. बातमी छापायला वृत्तपत्रांना बंदी होती. उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी संपले. बंदी उठली, चिमूरच्या स्त्रियांवर काय गुदरले ते देशाला वाचता आले. फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे दारोदार फिरल्या आणि त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या.

मौलाना १९४५ मध्ये सुटले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या तेव्हाही त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नव्हती. अशा माणसाच्या निष्ठेवर बोट ठेवायचे धाडस कोणी करू नये, मीही करीत नाही. परंतु अटकेच्या आदल्या रात्री चांद्याला एक चिठ्ठी, एक निरोप्या का निघाला नाही, हा प्रश्न मला आजही विचारावासा वाटतो. आणि चिमूरच्या आयाबायांनी तो विचारला असता, तर त्यांना द्यायला मौलानांपाशी उत्तर नव्हते असे मला वाटते.