तपासाबद्दल तक्रार लिहिताना



आज एका अर्जाबद्दलच बोलते. आमच्या केंद्रावर येणाऱ्या एका मावशींची मुलगी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासरी फासाला लटकलेली सापडली. मावशींच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदला गेला. पण तपास अधिकाऱ्याने फासाची ओढणी जप्त केली नाही. मुलीचा मोबाईल नवऱ्याकडेच राहिला. शेजारणीला कोणी विचारलंच नाही. आणि मावशींच्या पुरवणी जबाबात ‘जावयाबद्दल तक्रार नाही’ असं वाक्य! मावशींना वाचता येत नाही. जबाब त्यांना वाचून दाखवला नव्हता.

आमचा पहिला अर्ज नुसता संतापाचा होता. मीच लिहिलेला. ‘अधिकारी विकला गेलाय’ हे आम्ही सिद्ध कसं करणार होतो? उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जात फक्त काय काय झालं नाही ते तारखांसकट लिहिलं, अधीक्षकांच्या कार्यालयात दिलं आणि शिक्क्याची पोच घेतली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांनी तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडितेला ९० दिवसांत कळवायची असते. ती लेखी मागा. अधीक्षकांनीही दाद दिली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. नीट तपास करायला ते पोलिसांना सांगू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये साकिरी वासू खटल्यात स्पष्ट केलं आहे.

शेजारणीचा जबाब अखेर झाला. मोबाईलही जप्त झाला, पाच महिन्यांनी. त्यातलं सगळं पुसलेलं होतं.