गाठ आधी, गोळ्या नंतर

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

तुम्ही अध्यक्षपदाचा मान एका पॅथॉलॉजिस्टला दिलात, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आम्हाला रुग्णाचा चेहरा क्वचितच दिसतो. आमच्यापर्यंत येते ती एक बरणी आणि तिच्यासोबत दीड ओळीची चिठ्ठी. आज मला बोलायचं आहे ते अशाच एका बरणीबद्दल आणि तिच्यातल्या एका दुर्मिळ आजाराबद्दल. त्याचं नाव किकुची-फुजिमोटो.

बरीच वर्षं झाली. एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तीन आठवडे संध्याकाळी ताप, मानेच्या डाव्या बाजूला मागच्या भागात दोन-तीन गाठी, दाबल्यावर थोड्या दुखणाऱ्या. सुईची तपासणी झाली आणि ती स्लाइड माझ्यासमोर आली. पेशी मेलेल्या दिसत होत्या. मी लिहिलं, ‘नेक्रोसिस, क्षयरोगाशी सुसंगत’. त्या एका शब्दावर टीबीचा कोर्स सुरू झाला. घरात तिची ताट-वाटी वेगळी झाली. खरं तर मानेच्या गाठीचा टीबी श्वासातून कुणाला लागत नाही, पण हे तिच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या महिन्यात औषधांनी कावीळ झाली, गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि मग कुठे सर्जननी एक पूर्ण गाठ काढून पाठवली.

ती गाठ पाहिल्यावर मी जुनी स्लाइड कपाटातून पुन्हा काढली. टीबीत दिसायला हव्यात त्या एपिथेलिऑइड पेशी नव्हत्या, राक्षसपेशी नव्हत्या. आणि जिथे इतक्या पेशी मेल्या आहेत तिथे न्यूट्रोफिल तरी दिसावेत, तर तेही नव्हते. होता तो फुटलेल्या केंद्रकांचा चुरा, लाल फरशीवर काळी मोहरी सांडावी तसा. त्याच्या कडेने चंद्रकोरीसारखं केंद्रक असलेल्या हिस्टिओसाइट पेशी तो चुरा गिळत बसलेल्या. हे सगळं पहिल्या स्लाइडवरही होतं. मला ते नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ते दिसलं नाही.

1972 साली जपानमध्ये किकुची यांनी आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे फुजिमोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं. 1988 मध्ये डॉर्फमन आणि बेरी यांनी 108 रुग्णांच्या गाठींचा अभ्यास मांडला आणि त्यात भर दिला तो हा आजार इतरांपासून वेगळा कसा ओळखायचा यावर. परदेशात या गाठीला लिम्फोमा समजण्याची चूक होत होती आणि केमोथेरपीचं संकट रुग्णाच्या दारात येऊन उभं राहत होतं. आपल्याकडे तिला टीबी समजलं जातं. नाव बदललं तरी चूक तीच.

हा रुग्ण ओपीडीत येतो तेव्हा कसा दिसतो? बहुतेक वेळा वय चाळिशीच्या आतलं, बायकांचं प्रमाण जास्त, पण पुरुषांना होतच नाही असं समजू नका. गाठी सहसा मानेत, मागच्या त्रिकोणात, एका बाजूला. बऱ्याच जणांना ताप, अंगात कणकण. काहींना रात्री घाम, वजन उतरणं, सांधेदुखी, अंगावर पुरळ. सीबीसीत पांढऱ्या पेशी कमी आणि ईएसआर वाढलेला आढळू शकतो. आता ही यादी टीबीच्या यादीशेजारी ठेवा. सांगा, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी फरक कसा करणार? करता येत नाही. म्हणूनच माझा सगळा आग्रह गाठ काढण्यासाठी आहे.

या आजाराचा खरा घोटाळा मात्र मला वेगळाच वाटतो. तो आपणहून बरा होतो, साधारण एक ते चार महिन्यांत. मानेच्या गाठीच्या टीबीला आपण सहा महिने औषधं देतो, पहिले दोन महिने चार, पुढचे चार महिने तीन. म्हणजे किकुचीच्या रुग्णाला टीबीचा कोर्स दिला, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाठ जाणारच. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडलं. आईला वाटतं देव पावला. मुलीच्या फाइलवर टीबी कायमचा लिहिला जातो आणि लग्न ठरवताना तो लपवावा लागतो. चूक उघडकीला येतच नाही, उलट बरोबर निदान म्हणून आपल्या अनुभवात जमा होते. त्या मुलीला कावीळ झाली नसती, तर मीही आजपर्यंत तिला टीबीचीच रुग्ण समजत राहिले असते.

माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ काढू नका. आपल्या भागात मानेतली गाठ टीबीची असण्याची शक्यता आजही मोठी आहे, आणि टीबी असताना औषध न देणं हा अक्षम्य गुन्हा आहे. मी म्हणते ते एवढंच, की आधी पुरावा हातात घ्या.

तो पुरावा बरणीत कसा जातो, हे आता सांगते, कारण सगळं तिथेच बिघडतं. सुईच्या तपासणीत संशय येऊ शकतो, पण किकुचीचं निदान पक्कं करायला शक्यतो पूर्ण गाठ लागते. ऑपरेशन थिएटरमध्ये गाठ निघते आणि सिस्टर सवयीने ती अख्खी फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. त्या क्षणी कल्चरचा रस्ता बंद झाला, फॉर्मॅलिनमध्ये जंतू जगत नाहीत. तेव्हा गाठीचे दोन भाग करा. एक फॉर्मॅलिनमध्ये आमच्याकडे, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. चिठ्ठीवर वय, तापाचे दिवस, सीबीसी आणि आधी दिलेली औषधं लिहा. सर्जन मित्रांना एक विनंती. मानेच्या मागच्या त्रिकोणात स्पायनल ॲक्सेसरी नस अगदी वरून जाते. ती दुखावली तर खांदा कायमचा अधू होऊ शकतो. ही गाठ घाईत, ओपीडीच्या टेबलावर काढू नका. आणि ‘गाठीला हात लावला की कॅन्सर पसरतो’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना दोन मिनिटं देऊन समजवा. या भीतीने कितीतरी निदानं लांबली आहेत.

उपचाराबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तो थोडकाच आहे. ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा वेदनाशामक, विश्रांती आणि धीर. त्रास फार लांबला, ताप उतरेना किंवा आजार गाठीबाहेर पसरला तर स्टेरॉइड, काहींना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. स्टेरॉइड बायोप्सीआधी मात्र कधीच देऊ नका. लिम्फोमा असेल तर त्याचं चित्र स्टेरॉइडने पुसलं जातं आणि मग आम्हाला मायक्रोस्कोपखाली काहीच कळत नाही.

गाठ गेली म्हणून फाइल बंद करू नका. थोड्या रुग्णांमध्ये गाठी परत येतात. काहींमध्ये हा आजार लुपसच्या आधी, सोबत किंवा नंतर दिसतो. एएनए तपासा, लघवीतलं प्रोटीन पाहा, पुढची काही वर्षं अधूनमधून बोलवा. चेहऱ्यावर पुरळ, सांधे सुजणं, केस गळणं, याबद्दल मुद्दाम विचारा.

माझ्या त्या मुलीचा ताप साध्या गोळीने गेला आणि दीड महिन्यात मान मोकळी झाली. आईला मी समोर बसवून सांगितलं, ‘हिला टीबी नव्हता. माझ्या रिपोर्टात चूक झाली.’ ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारलं, ‘बाई, हे कागदावर लिहून द्याल का?’ मी दिलं, सही-शिक्क्यासह.

तुमच्या पुढच्या रुग्णाच्या मानेला हात लावाल आणि गाठ लागेल, तेव्हा टीबीच्या गोळ्या लिहिण्याआधी ती गाठ आमच्याकडे पाठवा. अर्धी फॉर्मॅलिनमध्ये, अर्धी सलाईनमध्ये. आणि आमचा रिपोर्ट पटला नाही तर फोन करा, आपण स्लाइड पुन्हा पाहू.