पटावरचा डाव आणि नवा उद्योग
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



चिटणिसांनी आम्हांस ‘तरुणांचे नवे उद्योग’ हा विषय दिला, तेव्हा आम्हांस हसू आले. कारण अशा एका उद्योगाने गेले सहा महिने आमच्याच घरी मुक्काम ठोकला आहे. आमच्या पुतण्याने बऱ्या पगाराची नोकरी सोडली असून एका मित्रासमवेत तो संगणकावरील डावपेचांचा खेळ रचीत आहे. खेळणे हा काही उद्योग नव्हे, असे आमचे मत होते व ते आम्ही त्याच्यापासून लपविले नाही.

ते मत डळमळले स्वयंपाकघराच्या फरशीवर. संगणकाचा तेथे संबंध नव्हता. चौकटी आखलेला कागद, तीन गुंड्या आणि मूठभर चिंचोके. चिंचोके शत्रूचे. कोणता चिंचोका कोठे मारा करणार, हे पुतण्या आधीच सांगून टाकी. आपण गुंड्या हलवून तो चुकवावयाचा, अथवा शत्रूलाच असे ढकलावयाचे की त्याचा घाव त्याच्याच सोबत्यावर पडावा. सारे काही डोळ्यांसमोर असूनही आम्ही तीन डाव हरलो, आणि पाने वाढली तरी चौथ्यावरून उठलो नाही.

ही युक्ती त्याची नव्हे, हे त्याने प्रांजळपणे सांगितले. अभ्यासासाठी त्याने ती ‘इन्टू द ब्रीच’ या खेळातून घेतली होती. त्या खेळाचे कर्ते जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस हे शांघाय येथे एका मोठ्या कंपनीत सहकारी होते. नोकरी सोडून शिलकीवर निर्वाह करीत त्यांनी प्रथम ‘एफटीएल’ नावाचा खेळ रचला. तो बहुतांशी उभा राहिल्यावर, 2012 साली, त्यांनी लोकांकडे 10,000 डॉलर मागितले. मिळाले 2,00,000 हून अधिक! त्याच वर्षी सप्टेंबरात खेळ विक्रीस आला व गाजला. आता हाती द्रव्य आले म्हणजे मनुष्य वाडा बांधावयास निघतो. या दोघांनी मात्र पुढचा पट बुद्धिबळाएवढा, आठ गुणिले आठ घरांचा ठेवला, आपल्या बाजूस तीनच यंत्रयोद्धे दिले आणि त्यावर वर्षानुवर्षे खपून 2018 च्या फेब्रुवारीत तो लोकांपुढे आणला. खेळणाऱ्यास चटकन उमगणार नाही अशी कल्पना कितीही मोहक असली तरी ते टाकून देत.

आमच्या चिरंजीवांनी नेमके उलट केले होते. पहिले दोन महिने घोडे, निशाणे व बुरूज चितारण्यात गेले. चित्रे सुरेख झाली. खेळून पाहता डाव कंटाळवाणा निघाला. दोन महिन्यांचे काम बाजूस सारताना त्याचा चेहरा आम्ही पाहिला आहे. त्यानंतर कागद आणि चिंचोके आले. त्याच्या स्वतःच्या खेळात आता वेढा पडलेला गड आहे, आणि शिबंदीची प्रत्येक हालचाल कोठारातील धान्य खाते. पुढे सरकावे की उपाशी राहून वाट पाहावी, हा पेच आम्हांस तरी खरा वाटला.

तथापि पालकांपासून काही लपवू नये. असे खेळ दरवर्षी हजारोंनी बाजारात येतात आणि पुष्कळांचा घातलेला खर्चही निघत नाही. म्हणून आम्ही अट घातली: स्वतःच्या शिलकीवर एक वर्ष, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीस हात लावावयाचा नाही. त्याने ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत स्वहस्ते लिहिली आहे. वहिनी रोज ती पाहतात व काही बोलत नाहीत. त्या तारखेस आता सहाच महिने उरले आहेत.

मंडपाबाहेरील ओसरीवर त्याने तो कागदी पट मांडला आहे. भोजनास अद्याप अवकाश आहे. आपण दोन डाव खेळावे. स्तुती नको, कोठे कंटाळा आला तेवढे त्यास सांगावे.