ओढा ओलांडताना

२०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी एका अहोरात्रात सुमारे ५९४ मिलिमीटर पर्जन्य कोसळला आणि सह्याद्रीच्या दरडी ढासळून कित्येक वाटा नाहीशा झाल्या. अशा वृष्टीनंतर जुन्या नकाशावर भिस्त न ठेवता, गावच्या माहितगाराकडून वाटेची खबर घेऊनच निघावे. ओढ्याचे पाणी गढूळ, वेगवान आणि गुडघ्याच्या वर असेल, तर परतणे कितीही जिवावर आले तरी परतावेच. पाणी त्याहून उथळ असल्यास, पात्र पसरट असेल तेथे, खालच्या अंगास धबधबा नाही याची खातरजमा करून, पाठपिशवीचे पट्टे सैल सोडून, काठीच्या आधाराने, प्रवाहाकडे तोंड करून तिरपे सरकावे. कमरेस दोर मात्र बांधू नये. पाय निसटल्यास तोच दोर माणसास पाण्याखाली दाबून धरतो.