वय किती, एवढंच विचारतात

कॅलिफोर्नियात वकिलांकडे मी दुभाष्याचं काम करते. परवा एक आई आली, सोबत सतरा वर्षांची मुलगी. बापाच्या मारातून दोघी पळून आलेल्या. वकीलबाईंनी आधी वय विचारलं.

कारण असं: छळलेल्या, टाकून दिलेल्या परदेशी मुलांना तिथे राहण्याचा परवाना मागता येतो, असं अमेरिकेचा १९९० चा केंद्रीय कायदा म्हणतो. वयाची अट २१. पण छळ झाला हे आधी राज्याच्या कोर्टाने लिहून द्यायचं, आणि त्या कोर्टाचं पालकत्वाचं दार १८ ला बंद! न्यूयॉर्कने ते २००८ मध्ये २१ पर्यंत उघडलं, मेरीलँडने २०१४ मध्ये. कॅलिफोर्नियाचा कायदा २०१६ पासून लागू आहे. त्यात मला आवडलं ते हे, की अठरा पूर्ण झालेल्या मुलीवर तिच्या संमतीशिवाय पालक लादता येत नाही.

एका पालकाने छळलं तरी पुरे, ही दुरुस्ती २००८ ची. त्यामुळे मुलगी आईजवळ राहूनही अर्ज करू शकते. मात्र असा परवाना मिळालेलं मूल पुढे आईबापांपैकी कुणासाठीच अर्ज करू शकत नाही. मारणाऱ्या बापासाठी नाही, हे ठीक. पण मार खाणाऱ्या आईसाठीही नाही?

हे त्या आईला मराठीत सांगण्याचं काम माझं होतं. ती म्हणाली, "हिचं होऊ दे."